राखीव आणि राखणदार : पुण्यातून झालेल्या एका मोजदादीचा इतिहास

एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात पुण्याजवळच्या दापोडी येथे काढलेली १७२ वनस्पतिचित्रे जतन केलेली आहेत. १८४७ ते १८५० या काळातली ही चित्रे. ती काढवून घेणाऱ्याचे नाव, हुद्दा, जन्मगाव सारे ठाऊक आहे : डॉ. अलेक्झांडर गिब्सन, ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश वैद्य आणि दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक. चित्रे ज्याच्या हातून उतरली त्याचे नाव मात्र नोंदलेले नाही. तो पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच कळते. हेन्री नॉल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने २००२ साली या चित्रांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तरी चित्रकार अनाम तो अनामच राहिला.

निसर्गसंरक्षणाच्या इतिहासाकडे वळताना या अनाम चित्रकारापासून सुरुवात करण्याला कारण आहे. आपल्याकडे पर्यावरणाची जाणीव १९७० नंतर, स्टॉकहोमच्या परिषदेनंतर आणि चिपको आंदोलनानंतर आली, असे सर्रास गृहीत धरले जाते. निदान पुण्यापुरते तरी हे खरे नाही. या शहरातून आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांतून निसर्गाची मोजदाद गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे. प्रश्न एवढाच, की मोजणारा कोण, त्याने कुणाला विचारून मोजले, आणि मोजून झाल्यावर वही कुणाच्या कपाटात गेली.

दापोडीची बाग १८२८ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी सुरू करविली. १८३८ मध्ये ती गिब्सन यांच्याकडे आली. औषधी वनस्पती तयार करून लष्करी रुग्णालयांना पुरविणे, परदेशी पिकांचे प्रयोग करणे, रोपे वाटणे ही बागेची उघड कामे. परंतु गिब्सन घोड्यावरून इलाखाभर हिंडत आणि हिंडताना जे पाहत ते लिहून ठेवीत. दक्षिण कोकणातल्या टेकड्या उघड्या पडत चालल्या आहेत, आणि जिथली झाडी गेली तिथले झरे आटले आहेत, ही गोष्ट त्यांनी १८४० च्या दशकात सरकारच्या निदर्शनास आणून दिली. जंगल आणि पाणी यांचा हा संबंध त्यांनी पुस्तकातून नव्हे, तर गावोगाव पाहून आणि अर्थात विचारून मांडला होता. ज्यांना विचारले त्यांची नावे त्यांच्याही लेखनात नाहीत. चित्रकाराचे झाले तेच झऱ्याची माहिती देणाऱ्या शेतकऱ्याचे झाले.

१८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. सरकारला झऱ्यांची काळजी किती आणि मुंबईच्या गोदीला लागणाऱ्या सागवानाची काळजी किती, याचा हिशेब इतिहासकार अजून घालत आहेत. मला वाटते, दोन्ही काळज्या एकाच माणसाच्या मनात खरोखर वसत होत्या, आणि हीच या कथेतली अडचण आहे. गिब्सन ढोंगी असते तर त्यांना बाजूला सारणे सोपे होते. ते तळमळीने जंगल वाचवू पाहत होते; आणि त्याच तळमळीने डोंगरउतारावर फिरती शेती करणाऱ्या माणसांना जंगलाचे शत्रू ठरवीत होते. ते १८६० मध्ये निवृत्त झाले. पुढल्याच वर्षी त्यांचा आणि त्यांच्यानंतर वनखात्याची सूत्रे हाती घेणाऱ्या डालझेल यांचा ‘द बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ निघाला. पुढे दापोडीची बाग मोडली आणि गव्हर्नरांच्या नव्या निवासस्थानाबरोबर गणेशखिंडीत नवी बाग आली. ते निवासस्थान म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत.

१८७८ च्या वनकायद्याने या साऱ्या खटाटोपाला पोलादी चौकट मिळाली. ‘राखीव’ हा शब्द मराठीच्या रोजच्या व्यवहारात घट्ट रुजला तो याच सुमारास. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या शब्दापाशी क्षणभर थांबावे. ‘राखणे’ या एकाच क्रियापदाचे ‘राखणदार’ आणि ‘राखीव’ असे दोन वंशज मराठीत नांदतात. राखणदार म्हटले की कुणीतरी उभा दिसतो : शेतातला माणूस, वेशीवरचा देव, कोकणातला रात्री काठी टेकत हिंडणारा अदृश्य पुरुष. राखीव म्हटले की माणूस दिसत नाही, नुसती हद्द दिसते. कुणी राखले, कुणासाठी राखले हे त्या शब्दातून गळून गेले आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना ही हद्द राबाच्या प्रश्नावरून टोचली. भाताच्या रोपांसाठी वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून जाळायचे ही राब भाजण्याची रीत. आणि त्यासाठी फांद्या तोडणे आता गुन्हा झाला. गाऱ्हाणी इतकी वाढली की सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला.

पण या आयोगाच्याही आधी पुण्यात एका माणसाने या विषयावर लिहून ठेवले होते. त्याच्या या लेखनाकडे पर्यावरणाच्या अंगाने आपण पुरेसे पाहिलेले नाही. महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली पुरा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’त पहिली दोन प्रकरणे छापली आणि पुढची छापण्याचे धाडस केले नाही, पूर्ण ग्रंथ फुल्यांच्या निधनानंतरच वाचकांच्या हाती आला. ‘असूड’ आपण शिकवतो तो जातिव्यवस्थेची आणि नोकरशाहीची मीमांसा म्हणून, फार तर मराठी गद्याचा नमुना म्हणून. त्यातले वनखाते, पाणी आणि माती यांविषयीचे विवेचन बहुधा ‘शेतीविषयक सूचना’ या मथळ्याखाली उरकले जाते.

त्या विवेचनाचे दोन भाग आहेत. पहिला भाग तक्रारीचा : सरकारी वनखात्याने डोंगर, दऱ्या आणि गावांची गायराने एका फटक्यात आपल्या हद्दीत ओढली, आणि गरिबाच्या शेळीलाही रानात पाऊल टाकायची चोरी झाली. हे त्या काळी इतरही सांगत होते. दुसरा भाग फुल्यांचा स्वतःचा आहे. डोंगरावरचे गवत, झाडांची पाने-फुले, मेलेले किडेमुंगी आणि जनावरे हे सारे कुजून त्याचे सत्त्व पावसाबरोबर खाली येते आणि ओढ्यानाल्यांतून वाया जाते; ते शेतात मुरावे म्हणून ठिकठिकाणी ताली आणि बांध घालावेत, आणि या कामी सरकारने आपल्याजवळच्या रिकाम्या पलटणी व पोलीस लावावेत, असे ते सुचवतात. डोंगरमाथा आणि शेत ही त्यांच्या लेखी एकच व्यवस्था आहे. आज पाणलोट क्षेत्र विकास म्हणून जो विषय शिकविला जातो त्याचा गाभा इथे आहे.

त्याच्या पुढची सूचना तर अधिक विलक्षण आहे. जमिनीखालचे झरे ओळखणाऱ्या पाणाड्यांकडून सरकारने गावोगावचे झरे शोधून घ्यावेत आणि त्या जागा गावाच्या नकाशावर दाखवाव्यात, असे फुले म्हणतात. पाणाड्याची विद्या आधुनिक भूजलशास्त्राच्या कसोटीवर उतरत नाही, हे खरेच. त्यावर वाद घालण्याचे हे ठिकाण नव्हे. मुद्दा नकाशाचा आहे. सरकारचा नकाशा जमीन मोजतो तो सारा ठरविण्यासाठी, जंगल मोजतो ते सागासाठी. फुल्यांना हवा असलेला नकाशा पाण्याचा आहे, तो गावातल्या माणसाच्या ज्ञानातून तयार व्हायचा आहे आणि गावाच्या उपयोगी पडायचा आहे. गिब्सन यांच्या वहीत जो शेतकरी अनाम होता, तो इथे नकाशा काढणारा होतो. खडकवासल्याच्या धरणाशी आणि येरवड्याच्या पुलाशी कंत्राटदार म्हणून संबंध आलेल्या, मांजरीला स्वतः शेती केलेल्या माणसाची ही सूचना आहे. ती हवेतून आलेली नाही.

फुल्यांचा आणखी एक धागा इथेच घेतो, कारण पुढे त्याची गाठ देवराईशी पडणार आहे. ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी म्हसोबा, खंडोबा, जोतिबा अशा दैवतांचा उलगडा बळीराजाचे अधिकारी असा केला. ‘महासुभा’ म्हणजे मोठ्या प्रांताचा अंमलदार, त्याचा ‘म्हसोबा’ झाला, ही त्यांची व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणारी नाही. पण व्युत्पत्ती फसली तरी दृष्टी फसतेच असे नाही. शेंदूर फासलेला हा दगड मुळात जमिनीची राखण करणाऱ्याचा आहे, पुरोहिताच्या देवळाशी त्याचे नाते नाही, हे फुल्यांनी ओळखले होते.

याच दगडांपाशी पुढे दामोदर धर्मानंद कोसंबी पोचले, अगदी वेगळ्या वाटेने. गणिती कोसंबी पुण्याच्या टेकड्या तुडवीत, वेताळ टेकडीच्या परिसरात लघुपाषाणास्त्रे वेचीत, गुराख्यांशी बोलत. ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या त्यांच्या ग्रंथात पुणे परिसरातल्या मातृदेवतांच्या ठाण्यांचे जे विवेचन आहे, त्याचे सार असे की ही ठाणी नांगराच्या शेतीपेक्षा जुनी आहेत. भटक्या समूहांच्या वाटा जिथे एकमेकींना छेदत तिथे ती वसली. देवीभोवतीची न तोडलेली राई हा त्या जुन्या जीवनपद्धतीचा अवशेष. कोसंबींना त्यात इतिहास दिसला. झाडांची यादी करणे हे त्यांचे काम नव्हते.

ते काम पुण्यातल्याच दुसऱ्या एका संस्थेत झाले. शंकर पुरुषोत्तम आघारकर या मालवणच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी केली. (हेच ते आघारकर, ज्यांना तरुणपणी सह्याद्रीतल्या नद्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता, तोवर तो फक्त आफ्रिकेत असतो अशी समजूत होती. पश्चिम घाटाकडे जगाने पाहावे असे तिथे काही आहे, हे सांगणाऱ्या पहिल्या काही नोंदींत ही नोंद धरायला हवी.) १९९२ पासून ही संस्था आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे वा. द. वर्तक वनस्पतींचे संग्रह करीत सह्याद्रीत हिंडत होते. १९७१ मध्ये हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ तिथे रुजू झाले. गाडगीळ पुण्याचेच, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांचे वडील, आणि कोसंबी व इरावती कर्वे ही त्यांच्या लहानपणाच्या शेजारपाजारातली माणसे.

वर्तक आणि गाडगीळ यांनी देवराया पाहायला सुरुवात केली. उत्तरेकडच्या मावळात ‘राई’ वा ‘देवराई’, दक्षिण कोकणात ‘देवरहाटी’. एकेका राईचे क्षेत्र काही गुंठ्यांपासून काही हेक्टरांपर्यंत. भोवतालचा डोंगर बोडका आणि मधे हे गर्द बेट : मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली आणि एरवी त्या परिसरातून नाहीसे झालेले सदाहरित वृक्ष. दोघांचा पहिला निबंध १९७५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि दुसरा पुढल्या वर्षी ‘इकॉनॉमिक बॉटनी’त. पहिल्याच्या शीर्षकातच या राया राखण्याची विनंती होती. संशोधन-निबंधाने विनंती करावी, हे तेव्हाच्या शास्त्रीय शिष्टाचाराला धरून नव्हते.

या अभ्यासातली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या गावाची गोष्ट गाडगीळ पुढे अनेकदा सांगत. तिथली राई तोडण्याचे वनखात्याने ठरविले, तेव्हा गावकऱ्यांनीच पुण्याच्या या शास्त्रज्ञांकडे मदत मागितली. गावाला पाणी देणारा ओढा त्या राईत उगम पावत होता. राई गेली तर ओढा जाईल, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे गिब्सन यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारला जे पटवून वनखाते उभे केले, नेमके तेच गाणीचे गावकरी आता त्याच वनखात्यापासून राई वाचविण्यासाठी सांगत होते. पानशेतच्या खोऱ्यातले चित्र उलटे होते. धरणाच्या निमित्ताने डोंगरात रस्ते पोचले, रस्त्यांमागून कोळशाचे व्यापारी पोचले, आणि बुडत्या गावांच्या राया कोळसा होऊन शहरात आल्या. त्या विस्थापित लोकांना दोष देता येत नाही. ज्या गावाचेच उद्या पाणी होणार, त्याच्या देवाची राई कुणासाठी राखायची?

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. देवराई म्हटले की अलीकडे लगेच गहिवर येतो. राखणीची ही व्यवस्था काही समतेची नव्हती. कोण आत जाईल, बाई कधी जाईल, कोणत्या जातीने कुठवर यावे, याचे नियम तिच्यात होते. देवीचा कोप हे तिचे पोलीसदल होते. गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी १९८३ च्या एका निबंधात जातिव्यवस्थेकडे परिसरशास्त्राच्या चष्म्यातून पाहिले : वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळी संसाधने वाटून घेतल्यामुळे ती टिकली, अशी ती मांडणी. तिच्यावर टीका झाली, आणि माझ्या मते ती रास्त होती. संसाधन टिकले म्हणून ज्याच्या वाट्याला काहीच आले नाही त्याचे काय, हा फुल्यांचा प्रश्न त्या मांडणीत अनुत्तरित राहतो. मात्र गाडगीळ तिथे थांबले नाहीत. भीतीवर उभी असलेली राखण लोकांच्या हक्कावर कशी उभी करता येईल, याचा शोध हे त्यांच्या पुढल्या कामाचे सूत्र दिसते. १९९० च्या दशकात गावोगावच्या जैवविविधतेची लोकांनीच केलेली नोंदवही ही कल्पना त्यातून आली, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने तिला स्थान दिले. पुढे तिचे काय झाले? वर्षानुवर्षे कागदावर राहिलेले हे काम राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर घाईघाईने उरकले गेले. देशभर लाखांनी नोंदवह्या तयार झाल्या. इतक्या वेगाने गावातल्या म्हातारीला विचारून झाडांची नावे लिहिता येत नाहीत.

मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला. गटाने घाटाच्या १,२९,०३७ चौरस किलोमीटर क्षेत्राचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडले, आणि उंची, उतार, झाडोरा, दुर्मीळ जीवजाती अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण देऊन संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरविल्या. अहवाल ऑगस्ट २०११ अखेर मंत्रालयाकडे गेला आणि तिथेच राहिला. माहितीच्या अधिकाराखाली मागणी झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. किनाऱ्याच्या बाबतीतही असा प्रकार आधी घडून गेला होता : उद्योग कुठे उभारावेत आणि कुठे नाही हे ठरविण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जर्मन साहाय्याने जिल्हावार नकाशे करविले, त्यात रत्नागिरीचाही होता. नकाशा होता, पण दाभोळच्या खाडीतल्या कोळ्याला तो दिसला नाही.

‘गाडगीळ अहवाल’ म्हणजे वरून लादलेली बंदी, असा समज कोकणात नि घाटावर पसरला. तो पसरविणाऱ्यांत खाणमालकांचा वाटा होता हे खरे, पण लोकांना तो पटला याचे कारण जुने आहे. ‘राखीव’ या शब्दाचा अनुभव त्यांच्या आज्या-पणज्यांनी घेतला होता. वास्तविक अहवालाची शिफारस अशी होती की अंतिम सीमा आणि नियम ग्रामसभांच्या चर्चेतून ठरावेत. सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी व दोडामार्ग भागातील पंचवीस ग्रामसभांनी तर आपली गावे संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव करून दिले होते. खाणी त्यांच्या उंबरठ्याशी आल्या होत्या. ती चर्चेची प्रक्रिया झाली नाही. त्याऐवजी कस्तुरीरंगन समिती आली. उपग्रहाच्या चित्रांवरून तिने घाटाचे ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ असे दोन भाग केले आणि एप्रिल २०१३ च्या अहवालात सुमारे ३७ टक्के क्षेत्रच संवेदनशील धरले. माणसांची वस्ती, शेती, राई, कुरण हे सारे ‘सांस्कृतिक’ भागात गेले. साहित्याच्या अभ्यासकाला हे शब्द विचार करायला लावतील. देवराईला या दोहोंपैकी कुठल्या रकान्यात टाकायचे?

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. अतिवृष्टी, उतारावरील मातीची हलवाहलव, पाण्याच्या वाटांत झालेले बदल, अशा कारणांची चर्चा झाली. याच तालुक्यात, भीमाशंकरच्या अंगाला, आहुपे गावाची देवराई आजही उभी आहे. दोहोंत थेट कार्यकारणभाव जोडणे शास्त्रीय ठरणार नाही, आणि मी तो जोडत नाही. मात्र डोंगराच्या पोटातले पाणी कुठून वाट काढते हे ज्या नकाशावर दिसेल तो नकाशा माळीणजवळ नव्हता. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे मेली. दुसऱ्या दिवशी पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा केंद्राने पुन्हा काढला. २०१४ पासूनचा हा सहावा मसुदा.

खुद्द पुणे शहरात ही गोष्ट लहान आकारात घडत राहिली. १९९७ मध्ये शहरात आलेल्या तेवीस गावांतल्या टेकड्यांची ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यान म्हणून राखावी की तिथे बांधकाम होऊ द्यावे, हा वाद वर्षानुवर्षे चालला. आरक्षणाला राज्य शासनाची मंजुरी २०१५ मध्ये मिळाली. जमीनमालकांना मोबदला कसा द्यायचा हा प्रश्न त्यातला सर्वांत अवघड भाग होता, आणि टेकडीप्रेमी लेखनात तो सहसा वगळला जातो. कोसंबी जिथे दगड वेचीत त्या वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायला २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चे काढून विरोध केला. त्यांच्या हातात पक्ष्यांच्या, फुलपाखरांच्या, झाडांच्या याद्या होत्या, अनेक वर्षे सकाळी टेकडीवर जाणाऱ्या हौशी माणसांनी केलेल्या.

गणेशखिंडीची बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाली. गिब्सन यांच्या दापोडीच्या बागेची ही वारस. आणि त्या सहाव्या मसुद्याला जी परिशिष्टे जोडली आहेत त्यांत गावांच्या लांबलचक याद्या आहेत : राज्य, जिल्हा, तालुका, गाव. पुणे जिल्ह्यातल्या मावळी गावांची नावे एकाखाली एक येतात. गावातल्या झऱ्यांसाठी त्या याद्यांत रकाना नाही.